चढाची शर्यत, सपाटीचा हिशोब

सप्टेंबरातल्या त्या रविवारी साताऱ्यातल्या लॉजच्या जिन्यांवर पहाटे चारपासूनच बुटांचा आवाज सुरू होतो. पोवई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुणी केळं सोलत चाललेलं असतं, कुणी छातीवर बिब लावायला पिना मागत असतं, कुणी बंद दुकानाच्या शटरला हात टेकून पोटऱ्या ताणत असतं. पाऊस पडत नसला तरी तो आत्ताच पडून गेलाय किंवा आत्ता येणार आहे, अशी हवा असते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. २०१५ मध्ये एका डोंगरावर सर्वाधिक धावपटू पळाल्याची नोंद तिच्या नावे गिनीजमध्ये झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातला पळणारा माणूस एकदा तरी साताऱ्याला येतोच.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘तयारी’. मॅरेथॉनच्या तयारीवर लिहायचं तर सरावाचे तक्ते छापून काम भागलं असतं. ते आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. मला कुतूहल होतं ते तक्त्यांच्या एका कोपऱ्याचं. मोठ्या शर्यतीच्या तयारीत मधे मधे ज्या लहान शर्यती पळायच्या असतात, त्या नेमक्या कशासाठी, आणि सातारा-सांगलीकडची माणसं त्या बसवतात कशा? म्हणून भेटेल त्याला दोन प्रश्न विचारत गेलो. जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन पळणार का? पळणार असाल, तर आजची शर्यत त्या तयारीत कुठे बसते?

पहिल्याचं उत्तर बहुतेकांकडे तयार होतं. दुसऱ्यावर बरेच जण हसले. साताऱ्याची शर्यत ‘मधली’ कशी असेल, असं त्या हसण्यात होतं.

यवतेश्वरचा घाट

त्यांचं हसणं समजायला घाट बघावा लागतो. शर्यत शहरातून निघते, राजवाड्याच्या, समर्थ मंदिराच्या बाजूने वर सरकते आणि यवतेश्वरच्या घाटाला लागते. हाच रस्ता पुढे कासच्या पठाराला जातो. त्या पठारावर या दिवसांत फुलांचा हंगाम असतो, म्हणून एरवी रविवारी इथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. शर्यतीच्या दिवशी सकाळचा रस्ता पळणाऱ्यांचा. ढोल-ताशे, लेझीम आणि कठड्यावर बसून टाळ्या पिटणारी शाळेची पोरं असतात. मागे वळून पाहिलं तर ढग बाजूला झाले असल्यास अजिंक्यतारा दिसतो. मात्र वळून पाहणारे थोडेच.

एकवीस किलोमीटरचा पहिला निम्मा भाग बहुतांशी चढाचा आणि परतीचा निम्मा उताराचा. वर्णनाला सोपं, पायांना अवघड. चढावर घड्याळातला पेस निरुपयोगी ठरतो. सपाटीवर साडेपाच मिनिटांत किलोमीटर काढणारा माणूस इथे सातवर जातो आणि घाबरून जोर लावतो. अनुभवी मंडळी पेसकडे बघतच नाहीत, श्वास ऐकतात. शेजाऱ्याशी चार शब्द बोलता येत असतील तर ठीक, नाहीतर चालायला लाग. घाटात चालणं ही लाज नाही, हे इथल्या जुन्या धावपटूंनी नव्यांना शिकवलेलं आहे.

खरी फसगत उतारावर होते. चढाने दम लागतो पण मांड्या शाबूत राहतात. उतारावर दम लागत नाही, म्हणून माणूस सुटतो. प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याऐवजी ताणला जात असताना काम करतो, आणि या तऱ्हेच्या कामात स्नायूंचे तंतू सगळ्यात जास्त दुखावतात. त्या दिवशी काही कळत नाही. मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

या दुखण्याची एक जमेची बाजूही आहे. एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच माराने तितका दुखावत नाही, हे व्यायामशास्त्रातलं नीट तपासलेलं निरीक्षण आहे. त्यामुळे घाट पळणं वाया जात नाही. फक्त त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं लागतं.

मैदानं लहान, मैदानं मोठी

या भागात ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, त्याच्या आधीपासून आणि नंतरही कृष्णाकाठचा पैलवान जत्रेतल्या कुस्त्या खेळतच मोठा होतो. गावच्या मैदानात तो नारळावर लढतो, मग शंभरावर, मग हजारावर. तालमीत रोज जोर-बैठका मारल्या, जोडीदाराबरोबर लढत केली, तरी अनोळखी पैलवानासमोर, हलगीच्या आवाजात, चार हजार लोकांच्या देखत पाय मातीत कसे ठरतात, हे तालमीत कळत नाही. ते जत्रेतच कळतं. पण वस्ताद त्याला दर जत्रेत उतरवत नाही. महाराष्ट्र केसरीच्या मैदानाला पंधरा दिवस उरले असताना शेजारच्या गावच्या यात्रेत जोड लावून देणारा वस्ताद शहाणा म्हणायचा का?

मॅरेथॉनच्या आधीच्या शर्यतींचंही असंच आहे. त्यांच्याकडून तीन कामं करून घेता येतात. आपण कुठे आहोत हे कळतं. शर्यतीच्या सकाळची रंगीत तालीम होते: किती वाजता उठायचं, काय खायचं, शौचाला रांग असेल तर काय, जेल पोटाला मानवतं का, नवे बूट पंधराव्या किलोमीटरला कुठे घासतात. आणि एकट्याने सराव करताना जो जोर निघत नाही तो निघतो. एकाच शर्यतीकडून ही तिन्ही कामं मागितली की गोंधळ होतो. तालीम करायची असेल तर बेतलेल्या मॅरेथॉन-पेसनेच पळायला हवं, अंदाज घ्यायचा असेल तर जीव काढून. बहुतेक जण मात्र ठरवून येतात तालमीसाठी आणि पहिल्या किलोमीटरला जीव काढायला लागतात. पुढे ओळखीचा माणूस दिसला की संपलंच.

साताऱ्याचा मॅरेथॉनशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतीत अनवाणी पळणारी माणसं पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा चमू गेला. मॅरेथॉनमध्ये उतरले बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. अँटवर्पचा मार्ग आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. त्या दोघांना आधी कुठे हाफ पळून अंदाज बांधायची सोय नव्हती. आज साताऱ्याच्या पोराला नेमकी उलटी अडचण आहे. सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते आणि प्रत्येकीत मेडल मिळतं.

एकोणीस आठवडे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. साताऱ्याची शर्यत सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी धरली तर मधे सुमारे एकोणीस आठवडे उरतात. पहिल्यांदा फुल पळणाऱ्यांचे प्रचलित सराव-आराखडे सोळा ते अठरा आठवड्यांचे असतात. म्हणजे सातारा संपतं तेव्हा मुंबई सुरूच झालेली नसते.

माझ्या मते या तारखेतच उत्तर आहे. साताऱ्याच्या शर्यतीला मुंबईची चाचणी समजू नये. ताकद कमावण्याच्या हंगामाचा तो शेवटचा दिवस समजावा. ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आधी कित्येक आठवडे नुसते मैल मोजायला लावत, मग टेकड्या चढायला, आणि त्यानंतरच वेगाचा सराव आणि शर्यती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचा पीटर स्नेल आठशे मीटरला सुवर्ण घेऊन गेला, मरे हॅलबर्ग पाच हजारला, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्य मिळवलं. घराजवळच्या टेकड्यांवर तयार झालेली ही माणसं. आधी टेकडी आणि मग सपाटी हा क्रम सातारकरांना पंचांगानेच दिलेला आहे. जूनपासून पावसात घाट चढायचा, सप्टेंबरात त्याचा सोहळा करायचा, मग खाली उतरायचं.

उतरल्यावर लगेच मात्र नाही. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा एक साधा हिशोब आहे: शर्यतीच्या दर तीन किलोमीटरमागे एक दिवस हलकं पळा. दहा किलोमीटरला तीन दिवस, हाफला आठवडा. घाटाच्या हाफला मी त्यावर आणखी चार दिवस घालीन. इथल्या धावपटूंच्या ग्रुपवर मात्र सोमवारी रात्रीच पुढच्या शर्यतीची लिंक येते, आणि ‘चला, कोण कोण?’ला पंधरा अंगठे पडतात. मेडलचा फोटो पडला की लाईक येतात. हलक्या आठवड्याचा फोटो कोण टाकणार?

पुढची जागा डिसेंबरची. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासूनची. डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची जुनी ओळख, म्हणजे मुंबईच्या सहाएक आठवडे आधी. वसई-विरारची शर्यतही त्याच महिन्यातली. मोठ्या शर्यतीआधी चार ते सहा आठवडे हाफ जोरात पळावी, असं बहुतेक प्रशिक्षक सांगतात, आणि कारण पटण्यासारखं आहे. आधी पळालात तर तेव्हाची तब्येत जानेवारीची नसते. नंतर पळालात तर थकवा निघत नाही, आणि चूक दिसली तरी दुरुस्त करायला वेळ उरत नाही. दहा किलोमीटर मात्र दोन-तीन आठवड्यांवर असताना चालते. तिची झीज कमी, आणि पायांना वेगाची आठवण राहते. फिट्झिंजर आणि डग्लस यांच्या गाजलेल्या आराखड्यांत तर शनिवारी आठ ते पंधरा किलोमीटरची शर्यत आणि रविवारी लाँग रन अशी जोडगोळी असते. पाय थकलेले असताना पळायची सवय व्हावी म्हणून. नोकरी सांभाळून पळणाऱ्या चाळिशीच्या माणसाने हे वाचावं आणि सोडून द्यावं, असं मला वाटतं.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांची वाटचाल या संदर्भात बघण्यासारखी आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईला त्या २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत पळाल्या आणि भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी वूहानला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेत्या ठरल्या आणि पुढच्या वर्षी रिओच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बेचाळीस किलोमीटर आणि तीन किलोमीटर या दोन्ही अंतरांवर एकच माणूस. मधल्या अंतरांच्या शर्यती वरच्या पातळीवर कशा वापरल्या जातात, याची कल्पना त्यावरून येते. पण अशा धावपटूंचा दिवसच सराव आणि विश्रांती यांत वाटलेला असतो. आपला दिवस शिफ्ट, दूध-डेअरी, क्लास आणि लग्नकार्यात वाटलेला असतो.

सांगलीची सपाटी

साताऱ्याहून सांगलीला आलं की पळण्याची भाषाच बदलते. इथे चढ म्हणजे १९२९ च्या आयर्विन पुलावरची चढण किंवा एखादा रेल्वेचा उड्डाणपूल. बाकी काळी, सपाट जमीन. पहाटे विश्रामबागेच्या बाजूला, मिरजेच्या रस्त्यावर, हरिपूरकडे संगमाला जाणाऱ्या चिंचांच्या वाटेवर दोन-दोन, चार-चारच्या टोळ्या दिसतात. डॉक्टर बरेच. मिरज दवाखान्यांचं गाव, त्याचा परिणाम असावा. त्यांच्यातले ज्येष्ठ ‘सर’ आणि बाकीचे सगळे ‘दादा’, ‘ताई’.

सांगलीचा मोसम शेताचा असतो, आणि तो मॅरेथॉनच्या मोसमावर बरोब्बर आडवा पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू होतं. मग पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, ऊस बाहेर लोंबत असतो, गाण्याचा आवाज मोठा. लाँग रनचे सगळ्यात मोठे रविवार नेमके याच दिवसांत येतात. म्हणून इथले जाणते हायवेला जात नाहीत. कॉलनीतल्या दोन किलोमीटरच्या फेऱ्या पंधरा वेळा मारतात. कंटाळवाणं आहे, पण त्याने मनाचा जो सराव होतो तो मुंबईच्या तिसाव्या किलोमीटरनंतर कामी येतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

तासगाव भागात द्राक्षं. तिथला एक बागायतदार भेटला, पंचेचाळिशीचा, दुसऱ्यांदा मुंबईला जाणारा. त्याच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले चाळीसेक दिवस म्हणजे डोळ्यात तेल घालून बसायचे दिवस. काड्यांना पेस्ट लावणं, फेलफुटी काढणं, विरळणी, ढग आले की डाऊनी रोगासाठी फवारणी. पहाटेचा पाऊस त्याच्या बागेचा शत्रू आणि आमच्या लेखी पळायची छान हवा. त्याच्या आराखड्यात ऑक्टोबर कोरा असतो. तो साताऱ्याला पळतो, मग बागेत शिरतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला पुन्हा रस्त्यावर येतो. पुस्तकी तक्त्यात महिनाभराचं भगदाड दिसेल. पण सातारा त्याच्यासाठी बरोबर जागेवर पडतं, बाग सुरू होण्याआधी केलेली ताकदीची बेगमी म्हणून. डिसेंबरात पुण्याला जायला त्याला जमत नाही. दोन दिवस मोडतात आणि मण्यांत पाणी उतरायची वेळ जवळ आलेली असते.

मग तो चाचणी घेतो कुठे? घरच्याच रस्त्यावर, हाफच्या अंतराची. पुतण्या मोटारसायकलवर पुढे, दर पाच किलोमीटरला पाणी आणि गुळाचा खडा. ना बिब, ना मेडल, ना लेझीम. इंग्रजी पुस्तकांत याला टाइम ट्रायल म्हणतात आणि शर्यतीपेक्षा ती कमी प्रतीची मानतात, कारण गर्दीशिवाय माणूस दोन-तीन टक्के हळू पळतो असं धरलं जातं. मी उलट म्हणेन. अंदाजासाठी सांगलीची ही रूक्ष सपाटी साताऱ्याच्या सगळ्या सोहळ्यापेक्षा भरवशाची.

१.०६

त्याचं कारण एका घातांकात आहे. पीटर रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही बहुतेक अ‍ॅपच्या पोटात असतं. अंतर जितक्या पटीने वाढलं, त्या पटीचा १.०६ वा घात घ्यायचा आणि जुन्या वेळेला त्याने गुणायचं. हाफवरून फुल म्हणजे दुप्पट, आणि २ चा १.०६ वा घात येतो सुमारे २.०८५. हाफ दोन तासांत, तर फुल चार तास दहा मिनिटांत.

आता यात साताऱ्याची वेळ टाका. घाटात सव्वादोन तास लागलेल्या माणसाला अ‍ॅप सांगतं, फुल चार तास एक्केचाळीस मिनिटांत. तो खचतो. सूत्र सपाट रस्त्याचं आहे, हे कुणी सांगत नाही. याच्या उलटही घडतं. डिसेंबरातल्या सांगलीच्या पहाटेला हवा कोरडी, थंड. मुंबईला समुद्राकाठची दमट हवा, सकाळी सातनंतर चढणारं ऊन, आणि परतीच्या वाटेवर पाय संपलेले असताना पेडर रोडचा चढ. घाम सुकत नाही, अंग तापत जातं, त्वचा थंड ठेवायला जाणारं रक्त पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके दहा-पंधराने वाढतात. शिवाय रीगलचा आकडा भरपूर मैल मोजलेल्यांना लागू पडतो. आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर पळणाऱ्याने त्यावर दहा-पंधरा मिनिटं चढवावीत, हा इथल्या जाणत्यांचा ठोकताळा आहे.

तासगावच्या बागायतदाराने गेल्या खेपेला हे केलं नव्हतं. साताऱ्याला घाट उतरताना जो वेग लागला तोच आपला, असं धरून तो मुंबईला निघाला आणि अठ्ठाविसाव्या किलोमीटरला चालायला लागला. या वेळी डिसेंबरातल्या त्या पुतण्याच्या शर्यतीत त्याला एक तास छप्पन्न मिनिटं लागली. त्याने वहीत मांडलं: ११६ गुणिले २.०८५, म्हणजे चार तास दोन मिनिटं. चार तासांच्या आतला आकडा हाताशी आल्यासारखा वाटत होता. त्यासाठी किलोमीटरला पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद लागतात. पुतण्या म्हणाला, काका, दोन मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

त्याने दमट हवेची आणि कोऱ्या ऑक्टोबरची मिळून आठ मिनिटं वाढवली आणि पाच पंचावन्नचा पेस मनगटावरच्या पट्टीवर लिहिला. मुंबईच्या आदल्या रविवारी शेजारच्या तालुक्यात दहा किलोमीटरची शर्यत होती, ग्रुपमधले अर्धे जण तिला निघाले होते, गाडीत एक जागाही रिकामी होती. तो गेला नाही. त्या सकाळी बागेत घडांना कागद लावायचं काम होतं.